आधी पाणी, मग मजले: समाविष्ट गावांत उंच इमारतींना परवानगी द्यावी का?

सूसकर:
२०१७ मध्ये ११ गावं, ३० जून २०२१ ला आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. हद्द मुंबईपेक्षा मोठी झाली, पण या पट्ट्यात कित्येक सोसायट्या टँकरवर आहेत. परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन. ताबा दिला की टँकरचं बिल रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये. जलवाहिनी नाही तिथे बारा-पंधरा मजले मंजूर होताच कामा नयेत.

शनिपार:
पूर्ण विरोध. इथे अडवलंत तर लोक वाघोलीच्याही पुढे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत घर घेतील आणि काही वर्षांनी तेही गाव असंच आत घ्यावं लागेल. घरं तर लागणारच.

सूसकर:
मग मेट्रोलगत बांधा, तिथे ४ पर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम, दिलाच आहे. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसरीकडच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला, विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही, म्हणजे रस्ता बघून मजले ठरतात. पाणी बघून का ठरू नयेत?

फुरसुंगीकर:
आमच्याकडे कर शहराचा, सोयी गावच्या आणि कचरा डेपो अख्ख्या पुण्याचा. म्हणून तर भांडून महापालिकेतून बाहेर पडलो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये निर्णय झाला, २०२४ मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाची नगर परिषद झाली.

शनिपार:
डेपो हलला का? उलट त्याबद्दल महापालिकेच्या सभागृहात बोलायला आता तुमचा नगरसेवकही नाही.

फुरसुंगीकर:
मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं तिथे कुणाचाच नगरसेवक नव्हता, प्रशासकच होते. आता निदान आमच्या कराचा पैसा कुठे जातो ते आम्ही विचारू शकतो.

धायरी_गावठाण:
पाण्याचा विषय निघालाय म्हणून लिहिते. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण सर्वांत जास्त सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी याच भागात सापडले. नांदेडच्या विहिरीचं पाणी फक्त क्लोरीन टाकून नळाला जात होतं, शुद्धीकरण केंद्र नव्हतं. आणि खडकवासला धरण उशाला! शनिपार, घरं लागणार हे खरं, पण त्या घरांत माणसं राहणार आहेत, लहान पोरं राहणार आहेत. मी सूसकरांच्या बाजूची.

शनिपार:
ते भयंकरच होतं, शुद्धीकरण केंद्र पहिल्या वर्षीच व्हायला हवं होतं. तरी उंची अडवणं हा उपाय नाही. डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्याला जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला मोबदल्यात टीडीआर मिळतो. मजलेच चढू दिले नाहीत तर तो टीडीआर घेणार कोण? मग रस्त्याला जमीन कोण देईल?

सूसकर:
टीडीआर त्याच गावात वापरायला हवा असं कुठे आहे? मेट्रोच्या पट्ट्यात खपेल. यापुढे हद्दवाढीच्या अधिसूचनेवर हरकती मागवतात तेव्हाच गावांनी लिहून द्यावं: जलवाहिनी आणि ड्रेनेजची तारीख अधिसूचनेत हवी. तोवर कर ग्रामपंचायतीच्या दराने आणि इमारत तळमजला अधिक चार, त्यावर एक मजला नाही.