कारंज्याआधी सावली

ओसाड बागांमध्ये कारंजी आणि रंगीत दिवे बसवले की लोक आपोआप येतील, असे म्हटले जाते. सोलापूरपुरते तरी मला ते पटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे येथे जागा जिवंत ठेवतात ती सावली आणि पिण्याच्या पाण्याचा नळ. आमच्या पेठेजवळच्या बागेतला नवा लोखंडी बाक भर उन्हात बसवला आहे, दुपारी त्यावर हातसुद्धा टेकवत नाही. मात्र फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली विडी कारखान्यात माल देऊन परतणाऱ्या बायका डोक्यावर पदर घेऊन टेकलेल्या असतात, कारण फाटकाला संध्याकाळी पाचपर्यंत कुलूप असते. २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी या शहरविकास योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली. (झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतण्याची हौस मात्र त्याआधीचीच.) सोलापुरातले होम मैदान जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेने गजबजते ते सुशोभीकरणामुळे नव्हे, तर तेथे येण्याचे कारण पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे म्हणून. तेव्हा खर्चाचा आराखडा करण्यापूर्वी दुपारी दोन वाजता बागेपाशी कोण बसते याची आठवडाभर नोंद करावी आणि फाटकाची वेळ त्यांनाच विचारून ठरवावी.