‘लिव्हरला सूज’ नेमकी कुठल्या आजारात म्हणायची?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

नमस्कार मंडळी. सासऱ्यांच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड दोन फॅटी लिव्हर’ आलं. दवाखान्यात हिंदीत सांगितलं, ‘लिवर में थोड़ी सूजन है’. घरी येऊन आम्ही तेच मराठीत केलं. शेजारच्या काकांना मागे कावीळ झाली तेव्हाही ‘लिव्हरला सूज’ होती. आणि मामेसासऱ्यांना तर लिव्हर बदलायला सांगितलंय, त्यांच्या बाबतीतही सगळे ‘सूज’च म्हणतात. हे ऐकून सासूबाई रडायलाच लागल्या. तिघांचा आजार एकच आहे का? ‘यकृतदाह’, ‘यकृतशोथ’ असे शब्द सापडले, पण ते कशाला लावायचे?

उत्तर (लोकमान्य नगर, इंदूर)

ताई, तिघांचे आजार वेगळे आहेत. सासूबाईंना आधी एवढं सांगून त्यांचा जीव भांड्यात पाडा, बाकीचं मग.

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी शिकवली आणि ‘सूज’ ह्या एका शब्दाने पेशंटचं किती नुकसान होतं ते पाहिलं. पाय मुरगळला, हिरडी ठणकली की सूज येते आणि चार दिवसांत उतरते. म्हणून ‘लिव्हरला सूज’ म्हटलं की माणूस ती उतरायची वाट बघत बसतो.

खरी सूज काकांची. यकृताला, बहुतेकदा विषाणूमुळे, दाह होतो तो हेपटायटिस, म्हणजेच यकृतदाह किंवा यकृतशोथ; दोन्हींचा अर्थ एकच. त्यातले ए आणि ई दूषित पाण्यातून येतात आणि बहुतेकांचे आपोआप बरे होतात. बी आणि सी मुख्यतः रक्तातून येतात, आणि ते वर्षानुवर्षं न बोलता आत राहू शकतात. कावीळ हे लक्षण आहे, आजाराचं नाव नव्हे. पित्तखडा नळीत अडकला तरी कावीळ होते, त्यामुळे ‘काविळीचं औषध’ म्हणून कुणी सरसकट काढा देत असेल तर घेऊ नका.

सासऱ्यांच्या यकृताच्या पेशींत चरबीचे थेंब साठलेत. सोनोग्राफीत असं यकृत शेजारच्या किडनीपेक्षा उजळ दिसतं आणि त्या उजळपणावरून ग्रेड ठरते. सोबत दाह असेलच असं नाही. मी ‘यकृतातली चरबी’ म्हणतो, पेशंटला ते लगेच कळतं. ह्या आजाराच्या नावावरून डॉक्टरांमध्येही बराच खल झाला. ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ हे जुनं नाव आजार कशाने नाही एवढंच सांगायचं, कशाने आहे ते नाही. शिवाय त्यातले शब्द लोकांना लाजवणारे वाटत. २०२३ मध्ये जगभरच्या यकृत-संघटनांनी मिळून ते बदललं. नव्या नावात चयापचयाचा बिघाड, म्हणजे मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातली चरबी, बीपी, हे कारणच घातलंय. आपल्याकडे सकाळी पोहे-जलेबी, रात्री सराफ्यातली खाऊगल्ली आणि मधे दिवसभर खुर्ची असा दिनक्रम आहे. सासऱ्यांना ‘तुम्ही दारू पीत नाही ना, मग काळजी कसली’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता मामेसासरे. त्यांना बहुधा सिरॉसिस असेल. वर्षानुवर्षं इजा होत राहिली की यकृतात व्रणासारखे तंतू तयार होतात, मऊ अवयव गाठीगाठींचा आणि निबर होतो. पुस्तकी मराठीत ‘यकृत सूत्रण’ म्हणतात, सूत्र म्हणजे तंतू. अर्थाने अगदी नेमका शब्द, पण बोलण्यात रुळला नाही. ‘सिरॉसिस’ हे नाव स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकने १८१९ साली दिलं, अशा यकृताच्या पिवळट तांबूस रंगावरून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, असं यकृत पुढे आक्रसत जातं, सुजत नाही! सुजतं ते पोट, त्यात पाणी भरतं म्हणून. त्याला आपला जुना शब्द आहे, जलोदर.

सासऱ्यांच्या डॉक्टरांना एकच विचारा: ‘तंतू तयार व्हायला लागलेत का?’ ग्रेड दोन म्हणजे चरबी किती ते, ताठरपणा किती ते नव्हे. वय, दोन एन्झाइम आणि प्लेटलेट ह्यांवरून फिब-४ चा आकडा निघतो, गरज पडली तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी, करतात. आता ह्या टप्प्यावर औषधंही येताहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये रेसमेटिरॉमला ह्या आजारासाठी मान्यता मिळाली. तरी पहिला उपाय आजही तोच आहे, वजन उतरवणं.

उत्तर (सुदामा नगर, इंदूर)

एक भर. ‘काळीज’ हा शब्द मुळात यकृताचाच. संस्कृतात कालेय म्हणजे यकृत, आणि मटणाच्या दुकानात आजही कलेजी मागितली की यकृतच मिळतं. फारसीतला ‘जिगर’ तर थेट ‘यकृत’ शब्दाचा भाऊबंद आहे. पण आज ‘काळजाचं ऑपरेशन’ म्हटलं तर ऐकणारा हृदयच समजेल, तेव्हा दवाखान्यात तो शब्द नको. ‘लिव्हर’ म्हणायला काहीच हरकत नाही. २०२२ मध्ये आपल्या राज्यात एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली, त्यांतही पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवून नागरीत छापलेत.

उत्तर (स्नेहलतागंज, इंदूर)

ताई, मी प्रत्यारोपणाच्या पेशंटांच्या घरच्यांशी रोज बोलते, म्हणून ‘लिव्हर बदलणं’ ह्याबद्दल सांगते. ‘बदलणं’ म्हटलं की घरचे विचारतात, ‘मग देणाऱ्याचं काय?’ सख्खा मुलगा तयार असतो, पण आई त्याला सोडत नाही, कारण तिला वाटतं त्याचं लिव्हर जाणार. जिवंत दाता फक्त भाग देतो. उरलेला भाग काही दिवसांतच वाढू लागतो आणि काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीएवढा होतो. म्हणून मी ‘लिव्हरचा हिस्सा’ म्हणते. वाटणीतला हा शब्द घरोघरी कळतो. ऑपरेशन मोठंच असतं, दात्यालाही धोका असतो, तेही त्याच बैठकीत सांगते.

पहिलं यकृत प्रत्यारोपण थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत डेनव्हरला केलं, ते मूल वाचलं नाही. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन औषध आल्यावर चित्र पालटलं, आणि १९८३ मध्ये हा प्रयोग नसून उपचार आहे असं तिथे अधिकृतपणे मान्य झालं. भारतात १९९८ साली दिल्लीत वडिलांच्या यकृताचा भाग एका लहान मुलाला बसवला. आजही आपल्याकडची बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याच्या जोरावर होतात.

प्रश्नकर्ती

खूप आभार सगळ्यांचे. आमचे हे मामांना हिस्सा द्यायला तयार आहेत, रक्तगटही जुळतो. सख्खा भाचाच आहे, तेव्हा कागदपत्रांचं काही अवघड नसावं ना?

उत्तर (स्नेहलतागंज)

ताई, इथे ‘सख्खा’ शब्द अडतो. आपल्या घरात मामा-भाच्याइतकं जवळचं नातं नाही, पण अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात ‘निकटचे नातेवाईक’ म्हणजे नवरा-बायको, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीपासून आजी-आजोबा व नातवंडं. भाचा त्यात बसत नाही. देता येतं, पण प्राधिकार समितीची परवानगी लागते. ही देणगी पैशासाठी नाही, मायेपोटी आहे, ह्याची समिती खात्री करून घेते, दोघांना समोर बसवून विचारते. नातं दाखवणारी कागदपत्रं आणि जुने एकत्र फोटो आत्तापासून काढून ठेवा. तुमच्या ह्यांच्या मनावर कुणाचं दडपण नाही ना, हे त्यांना एकट्याला गाठून तुम्हीही एकदा विचारा. आणि सोनोग्राफी त्यांचीही होईल. दात्याच्या यकृतात चरबी जास्त निघाली तर आधी वजन उतरवायला सांगतात, म्हणून सासऱ्यांबरोबर त्यांनाही उद्यापासूनच चालायला पाठवा.