मदत हवी आहे : गावच्या हुतात्मा फलकावर चुलत आजोबांचं नाव (तातडीचं)

उंबरठा : रविवारी दगड कोरायला जातोय. समिती म्हणते, लढाईत गेले तेवढेच हुतात्मे, तुमचा म्हातारा ट्रेनिंगमध्ये गेला. म्हातारा कसला, १९ वर्षांचा पोरगा! लेखी पुरावा कुठे मिळेल? 'सैन्याला पत्र लिहा' कृपया सांगू नका, तेवढा वेळ नाही.

कडूनिंब : कुठलं युद्ध? कुठली पलटण? कधी गेले?

उंबरठा : दुसरं महायुद्ध, आणखी कुठलं. बेळगावला. हातबॉम्ब फेकायच्या सरावात.

भटक्या७२ : इंडिया गेटवर शोधा. आमच्या खापरपणजोबांचं नाव आहे तिथे, फोटो टाकू का?

कडूनिंब : भटक्याशेठ, इंडिया गेट पहिल्या महायुद्धाचं आणि १९१९च्या अफगाण लढाईचं. दिल्लीतलं नवं राष्ट्रीय स्मारक स्वातंत्र्यानंतरच्यांचं. यांचे आजोबा दोन्हीच्या मधले.

सरळमार्गी : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माझ्या मामींची पेन्शन तिथूनच सुटली. बँक पासबुक आणि आधारच्या दोन-दोन झेरॉक्स न्या.

उंबरठा : पेन्शन कोणी मागितलीय?

तिखटमीठ : समितीचं चूक काय? सरावात अपघात झाला म्हणजे शहीद नव्हे.

कडूनिंब : 'शहीद' हा सरकारदरबारी शब्दच नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचा हिशोब सरळ आहे : ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात नोकरीत असताना मेला, तर तो नोंदीत. मग गोळीने, तापाने की सरावात, विचारत नाहीत. आघाडीपासून लांब गेलेल्या आणि दहन झालेल्या अशा २५ हजारांहून जास्त अविभाजित हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक दिल्लीच्या युद्धस्मशानभूमीत आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतं, छापूनही घेता येतं. पण शोधायला त्यांचा सैन्यातला नंबर हवा. एका नावाचे वीस निघतात.

तिखटमीठ : बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. एवढं पुरे.

कडूनिंब : पुरे नाही. महार रेजिमेंटसुद्धा १९४१ साली बेळगावातच उभी राहिली.

सीमावासी : बेळगाव महाराष्ट्राचंच होतं आणि आहे!!

भटक्या७२ : +१

कडूनिंब : सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे. उंबरठा, घरात काहीच नाही? पत्र, तार, पदक?

उंबरठा : तार होती म्हणे, पोटमाळ्यावर वाळवीने खाल्ली. त्यांची ट्रंक तेवढी आली होती. आत पट्ट्याचं बक्कल आणि कागदात गुंडाळलेली अर्धी साबणाची वडी. ती वडी पणजीने कुणाला वापरू दिली नाही. आता ट्रंकेत गहू असतात.

कडूनिंब : ट्रंकेचं झाकण बघितलंत?

उंबरठा : गंजलंय. पांढऱ्या रंगात काहीतरी आकडे आहेत. कारखान्याचे असतील.

कडूनिंब : अहो महाराज!! तोच त्यांचा नंबर असणार. ओल्या फडक्याने हळू पुसा, घासू नका.

उंबरठा : (रात्री १.४०) सापडलं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग भलतंच होतं म्हणून आधी येत नव्हतं. नंबर जुळतो, वडिलांचं नाव, गाव, जिल्हा, सगळं जुळतं. उद्या छापून समितीपुढे ठेवतो. कडूनिंब, तुमचे पाय कुठे आहेत?

पण एक विचारायचंय. त्याच ओळीत पुढे 'अमुकीचे पती' म्हणून एका बाईचं नाव आहे. आमच्या घरात हे नाव कुणाच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. त्यांचं लग्न झालं होतं? मग ती कुठे गेली?