फोक्सवॅगन बीटल १९७२, सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्बोरेटर: गरम झाली की सिग्नलला बंद पडते

कोथरूड_१६००
१९७२ची बीटल. इंजिन १६०० ड्युअल पोर्ट, डायनॅमोवालं. डिस्ट्रीब्यूटर (प्लगना ठिणगी वाटणारा) ००९, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) १२७.५, पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉलवालं). थंड असताना अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. गर्दीत वीस-पंचवीस मिनिटं चालवली की आयडलिंग खाली खाली जातं आणि सिग्नलला बंद. मागचं झाकण उघडून पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. दुसरी तक्रार: दुसऱ्या गिअरला पॅडल दाबलं की क्षणभर दबते, मग उचलते.

कार्बोरेटर उघडून धुतला, किट टाकलं, प्लग नवीन. गॅरेजमध्ये थ्रॉटलच्या दांडीवरचा स्क्रू आत घेऊन आयडलिंग वाढवून दिलंय. तेव्हापासून मिश्रणाचा छोटा स्क्रू कितीही फिरवा, इंजिनला ढिम्म फरक पडत नाही. नवा कार्बोरेटर घ्यावा का?

एअरकूल्ड_नाशिक
नवा घेऊ नका. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यातला एक गॅरेजने लावलेला आहे.

३४ पिक्ट-३ मध्ये थ्रॉटलच्या दांडीवरचा स्क्रू आयडलिंगसाठी नाहीच, तो थंड इंजिनासाठीच्या चोकच्या पायऱ्यांसाठी आहे. तो आत घेतला की बटरफ्लाय (थ्रॉटलची झडप) उघडी राहते आणि तिच्या कडेची प्रोग्रेशनची बारीक भोकं उघडी पडतात. इंजिन आयडलिंगलाच तिथून पेट्रोल ओढायला लागतं. मग छोट्या स्क्रूला काम उरत नाही, आणि पॅडल दाबल्यावर जी भोकं मदतीला यायची ती आधीच खर्ची पडलेली असतात. तुमच्या दबण्याचं अर्धं कारण तिथेच आहे.

इंजिन गरम करा, चोकची पट्टी पूर्ण उभी झाल्याची खात्री करा. दांडीवरचा स्क्रू फट दिसेपर्यंत बाहेर घ्या, मग पायरीला नुसता टेकेपर्यंत आत आणि आणखी पाव फेरा आत. छोटा स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत (आवळलात तर टोकाला खाच पडते आणि तो स्क्रू गेला), मग अडीच फेरे बाहेर. आता इंजिन चालू करून शेजारच्या मोठ्या बायपास स्क्रूने ८५० आरपीएम लावा. छोटा स्क्रू हळूहळू फिरवत सर्वांत जास्त आरपीएम शोधा, तिथून २०-३० आरपीएम पडेपर्यंत आत घ्या, आणि मोठ्या स्क्रूने पुन्हा ८५०.

यानंतरही छोटा स्क्रू ऐकत नसेल तर तीनच संशयित. आयडल जेट तुंबलाय. कटऑफ सॉलेनॉइडला (इग्निशन बंद होताच आयडलचं पेट्रोल तोडणारा) करंट नाही (इग्निशन चालू ठेवून वायर काढा-लावा, टक्‌ असा आवाज आलाच पाहिजे). नाहीतर कुठूनतरी फुकट हवा खेचतेय. हवेसाठी आयडलिंगला असताना मॅनिफोल्डचे (कार्बोरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांचे) रबरी बूट, कार्बोरेटरखालचं पॅकिंग आणि थ्रॉटल शाफ्टची दोन्ही टोकं यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, डिस्ट्रीब्यूटर आणि कॉइल वाचवून. आवाज बदलला की जागा सापडली. कार्ब क्लीनर लोक सर्रास मारतात; तापलेल्या इंजिनावर मी तरी मारणार नाही.

पॉइंट_०४
वरचं बरोबर, पण गरम होऊन बंद पडणं सेटिंगने जाणार नाही. आधी पेट्रोल संपतंय, जास्त होतंय की ठिणगी जातेय ते ठरवा. बंद पडली त्याच क्षणी इग्निशन बंद करा, एअर क्लीनर उचला (ऑइल बाथवाला असेल तर आडवा करू नका, तेल सांडतं), टॉर्च घेऊन कार्बोरेटरच्या घशात बघा आणि थ्रॉटल हाताने ओढा.

अॅक्सलरेटर पंपाच्या नळीतून सणसणीत पिचकारी आली तर कार्बोरेटरच्या वाटीत (फ्लोट असतो ती) पेट्रोल आहे. मग कंडेन्सर आणि कॉइलकडे वळा. गरम झाल्यावर मरणारा कंडेन्सर हुबेहूब असाच वागतो. न ओढताच थेंब गळताना दिसले तर ओव्हरफ्लो: निडल व्हॉल्व्ह किंवा फ्लोटची पातळी. पातळी वाटीच्या वरच्या कडेपासून १९.५ मिमी खाली हवी, एखादा मिमी इकडेतिकडे चालतो. निडल व्हॉल्व्हखालचा वायसर जाड केला की पातळी उतरते. पिचकारीच नसेल तर वाटी रिकामी, आणि दोष कार्बोरेटरच्या मागे आहे.

डिस्ट्रीब्यूटरमधल्या पॉइंटची फट ०.४ मिमी आणि इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट थंड असताना ०.१५ मिमी हे आधी करून घ्या. नाहीतर वरचं सगळं मोजमाप वाया.

कोथरूड_१६००
आज मुद्दाम गर्दीत नेली. बंद पडली तेव्हा पिचकारी शून्य. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, फरक नाही. एसी पंपाची (इंजिनावरचा पेट्रोल पंप) येणारी नळी काढली तर टाकीकडून पेन्सिलएवढी धार येते, म्हणजे तिथवर वाट मोकळी आहे. पंप उतरवला. पंपाला ढकलणारी दांडी १०८ मिमी. पण पंपाच्या फ्लँजखाली (बैठकीखाली) एकावर एक तीन पॅकिंग निघाली, आणि दांडी सर्वांत वर असताना १०.५ मिमीच बाहेर येते. पेट्रोलचा फिल्टर इंजिनखान्यात डिस्ट्रीब्यूटरच्या डोक्यावर लोंबतोय.

एअरकूल्ड_नाशिक
सापडलं. १०८ची दांडी डायनॅमोवाल्या पंपाला बरोबर आहे (१००ची अल्टरनेटरवाल्या पंपाला लागते). ती वरच्या टोकाला १३ मिमी बाहेर यायला हवी. कोणीतरी ओव्हरफ्लो थांबवायला पॅकिंग चढवून पंपाचा स्ट्रोकच कमी केलाय. थंड असताना तेवढं पेट्रोल पुरतं. नळी तापून पेट्रोलची वाफ झाली की अशक्त पंपाला ती पुढे ढकलता येत नाही.

पुलीचा नट फिरवत दांडी सर्वांत वर आणा, वरचं पॅकिंग धरून १३ मिमी जुळेल तेवढीच पॅकिंग ठेवा. फ्लँज काढण्याआधी दांडी उपसून घ्या, नाहीतर ती क्रँककेसमध्ये पडते आणि मग रविवार गेला. जोडल्यावर प्रेशर मोजा, ३ पीएसआयच्या आसपास ठीक. आता कार्बोरेटर ओव्हरफ्लो व्हायला लागला तर निडल व्हॉल्व्ह बदला, पुन्हा पॅकिंग चढवू नका.

ई२०_वैतागलेला
फिल्टर आजच्या आज तिथून काढा. प्लॅस्टिकचा फिल्टर, जुनी नळी आणि खाली ठिणगी. बीटल जळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. गिअरबॉक्सच्या पुढे, गाडीखाली बसवा. कार्बोरेटरच्या झाकणात पितळी नळी नुसती ठोकून बसवलेली असते, ती बोटांनी फिरतेय का बघा. फिरत असेल तर आटे पाडून स्क्रूची नळी बसवून घ्या. पेट्रोलची नळी आतून ५.५ मिमीची हवी. बाजारात ६ची सहज मिळते, ती सैल बसते; घ्यावीच लागली तर दोन्ही टोकांना क्लिप. वरून सुती वेष्टण असलेली जुन्या पद्धतीची नळी ई२०ला आतून मऊ पडते आणि वेष्टणामुळे बाहेरून काही कळत नाही. इथेनॉल चालणारी असं स्पष्ट छापलेलीच घ्या.

इंजिनभोवतीचं रबर सील आणि पत्रे जागेवर आहेत का तेही पाहा. सील नसेल तर खालची सायलेन्सरची गरम हवा वर येऊन पुन्हा पंख्यातच जाते.

कोथरूड_१६००
एक पॅकिंग ठेवलं, १३ मिमी बरोबर जुळलं. फिल्टर खाली नेला. आयडलिंग वर सांगितल्याप्रमाणे लावलं, छोटा स्क्रू आता ऐकतो. पाऊण तास गर्दीत फिरवली, बंद पडली नाही. दुसऱ्या गिअरचं दबणं बरंच कमी झालंय, पण आहे. जेट बदलू का?

पॉइंट_०४
उरलेलं दबणं बहुतेक ००९चं आहे. त्याला व्हॅक्यूम (इंजिनाच्या ओढीने ठिणगी पुढे आणणारी सोय) नाही, आणि ३४ पिक्ट-३ व्हॅक्यूमवाल्या डिस्ट्रीब्यूटरसाठी बनलेला आहे. पॅडल हलकं दाबताना जो अॅडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) मिळायला हवा तो ००९ देत नाही. तोच ठेवायचा असेल तर टायमिंग आयडलिंगवर लावू नका; ३००० आरपीएमच्या वर नेऊन एकूण ३० अंश लावा. बदलायचा असेल तर एका नळीचा व्हॅक्यूमवाला घ्या, नळी काढून आयडलिंगला ७.५ अंश.

अॅक्सलरेटर पंपाची पिचकारीही मोजा: दहा स्ट्रोकला साधारण १५ मिलि, आणि धार बटरफ्लायच्या फटीत पडायला हवी, भिंतीवर नाही.

आणि मॅनिफोल्डखालची सायलेन्सरकडून येणारी बारीक नळी. गाडी पाच मिनिटं चालल्यावर तिच्या दोन्ही बाजूंवर पाण्याचा थेंब टाका, दोन्हीकडे चर्रर्र झालं पाहिजे. एक बाजू थंड म्हणजे आत काजळी. पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी ही नळी तुंबलेली असली तर गाडी दबणारच.

ई२०_वैतागलेला
जेटचं गणित: शुद्ध पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे तोच जेट ठेवला तर मिश्रण आठेक टक्के पातळ. जेटचा व्यास चार टक्क्यांनी वाढवला की क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं, म्हणून १२७.५चा १३२.५. पण टायमिंग आणि ती नळी झाल्यावरच. तोवर जेटला हात लावलात तर कशाने काय सुधारलं हे कळणार नाही. वाटीच्या बाजूचा बूच काढला की मेन जेट समोरच दिसतो, झाकण उघडायची गरज नाही. बूच उघडताना खाली डबी धरा, वाटीभर पेट्रोल येतं.