सुधारित चुलीने सरपण वाचलं, हे दाखवायचं कसं?

प्रश्न: कुही तालुक्यात 60 सुधारित चुली दिल्या. नागपूरहून दोघंच जाणार. नुसता वाटपाचा आकडा द्यायचा नाही. आधीचं मोजमाप झालेलं नाही.

उत्तर १: सरपण तोला. घरच्यांना वेगळा ढीग करून त्यातूनच जाळायला सांगा. सलग 3 दिवस त्याच वेळी काट्यावर घ्या. माणशी हिशेब लावा: पुरुष 1, बाई 0.8, साठीपुढचा पुरुषही 0.8, 14 वर्षांपर्यंतचं मूल 0.5. ओलावा मीटरने तपासाच. ओलं लाकूड जड भरतं आणि बचत खोटी ठरते.

उत्तर २: आधीचं नाही, म्हणून चूल न मिळालेली तशीच घरं त्याच आठवड्यात मोजा. आपल्याकडे थंडीत आंघोळीचं पाणीही चुलीवरच तापतं. जानेवारी आणि मे यांची तुलना केली तर चूल न बदलताही बचत दिसेल! लग्नसराईचे दिवस वगळा.

उत्तर ३: जुनी चूल अजून पेटते का? तिचंही सरपण त्याच हिशेबात धरा. “वापरता का?” विचारलं की पाहुण्याचं मन राखायला हो म्हणतात. न सांगता जा, राख बघा.

प्रश्नकर्ता: शेजारच्या गावात 30 घरं मिळतील. तिथूनच सुरुवात करतो.