मदत हवी आहे: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर भाताला पर्याय
स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची शस्त्रक्रिया) होऊन मला सात महिने झाले असून, रोज किमान 60 ग्रॅम प्रथिने घ्यावीत आणि ताटातली प्रथिने आधी संपवावीत, असे आहारतज्ज्ञांनी सांगितले आहे. मालवणात राहत असल्याने मासळीची अडचण नाही. अडचण आहे ती कालवणासोबत काय खावे याची. उकड्या तांदळाचा भात दोन घासांतच छातीत अडकल्यासारखा होतो, नाचणीच्या भाकरीतही कर्बोदके काही कमी नसतात, आणि फ्लॉवर किसून वाफवला तर कालवणात त्याचा लगदा झाला (वासाबद्दल न बोललेलेच बरे). कुळथाची पिठी पचते, पण पोट तिनेच भरते. मधुमेह नाही, अंडी आणि ओले खोबरे चालते. तेव्हा तिरफळे घातलेल्या बांगड्याच्या कालवणासोबत अर्धी वाटी खाता येईल, रस शोषून घेईल आणि इथल्या बाजारात सहज मिळेल, असे भाताऐवजी नेमके काय करावे?