मदत हवी आहे: विडाल (टायफॉईडची रक्ताची टेस्ट) एका लॅबमध्ये पॉझिटिव्ह, दुसरीत निगेटिव्ह. खरी कोणती?

धुऱ्यावरचा
बाबांचा ताप उतरत नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये विडाल पॉझिटिव्ह निघाली, जिल्ह्याच्या लॅबमध्ये निगेटिव्ह. पैसे दोन्हीकडे गेले. डॉक्टर म्हणतात टायफॉईडच आहे, इंजेक्शन चालू ठेवा. पाहुणे म्हणतात रक्ताचं कल्चर करा. कल्चर यवतमाळात होते का आणि किती दिवस लागतात, एवढंच सांगा. घाईत आहे.

वऱ्हाडी ठेचा
भाऊ, किती दिवसाचा ताप? वय काय? इंजेक्शन कोणतं, किती झाले? हे न सांगता आमी काय पंचांग पाहून सांगाव काय?

गुळवेलवाला
कल्चर-बिल्चर सोडा. गुळवेलीचा काढा, सकाळ-संध्याकाळ. आमच्या मामाचा पंधरा दिवसाचा ताप गेला.

वऱ्हाडी ठेचा
पंधरा दिवसात बहुतेक ताप तसाही जाते, मामाचं कौतुक कायले.

धुऱ्यावरचा
वय ६१. ताप नऊ दिवस. सेफ्ट्रियाक्सोन पाच दिवस झाले. आता सांगा.

स्लाइडवाली
मी लॅबमध्येच काम करते. दोन्ही रिपोर्टवर आकडे काय आहेत? 'पॉझिटिव्ह' या शब्दाला काही अर्थ नाही. टीओ किती, टीएच किती, आणि टेस्ट स्लाइडवर केली की नळीत?

धुऱ्यावरचा
पहिल्यावर टीओ १:८०, टीएच १:१६०. दुसऱ्यावर नुसतं निगेटिव्ह.

स्लाइडवाली
मग दोन्ही लॅब आपापल्या जागी बरोबर असू शकतात. विडाल जंतू दाखवत नाही, जंतूविरुद्ध अंगात तयार झालेली प्रतिपिंडं दाखवते. आपल्याकडे टायफॉईड वर्षानुवर्षं आहे, त्यामुळे धडधाकट माणसाचंही रक्त १:८०, १:१६० इतपत पातळ केलं तरी टेस्टमध्ये गुठळ्या दाखवतं. एकाच नमुन्यावरून ठरवायचं नसतं. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा केल्यावर आकडा चौपट झाला तर त्याला वजन. ही टेस्ट १८९६ सालची आहे आणि अजून आपण तिच्यावरच बसलोय.

निवृत्त कंपाउंडर
मॅडम, ४० वर्षं आम्ही विडालवरच पेशंट बरे केले. तुम्ही नवीन लोक जुनी टेस्ट बदनाम करता आणि महागडी विकता.

स्लाइडवाली
काका, मी पगारी माणूस आहे, कमिशन नाही मिळत. बरे झाले त्यांच्यातल्या किती जणांना टायफॉईड होता, हे तपासलं होतं का?

निवृत्त कंपाउंडर
बरे झाले ना? मग झालं.

शिक्षक_दारव्हा
हत्तीपायाचा संशय असेल तर रक्त रात्री १० नंतर द्यावे. त्याचे सूक्ष्म जंत रात्रीच रक्तात फिरतात, दिवसा सापडत नाहीत.

वऱ्हाडी ठेचा
गुरुजी, हत्तीपाय कोणी म्हटला?

धुऱ्यावरचा
माझ्या कल्चरचं कोणी बोलत नाही राजेहो.

स्लाइडवाली
बोलते. मेडिकल कॉलेजात होतं. बाटलीत जंतू वाढायला दोन-तीन दिवस, पाच दिवसांपर्यंत वाट बघतात. पण रक्त अँटिबायोटिकच्या आधी घ्यायला हवं होतं. पाच दिवसांच्या सेफ्ट्रियाक्सोननंतर बाटलीत काही उगवलं नाही, तर टायफॉईड नव्हताच असंही म्हणता येणार नाही. तरी त्या इंजेक्शनने पाच दिवसांत तसूभर फरक नाही, हे मला खटकतंय. प्लेटलेट? यकृताची एसजीपीटी? मलेरियाची स्लाइड केली?

धुऱ्यावरचा
प्लेटलेट ७१ हजार. एसजीपीटी वाढलं म्हणाले. मलेरिया, डेंगू दोन्ही निगेटिव्ह. हे विचारलं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

गुळवेलवाला
प्लेटलेटसाठी पपईच्या पानाचा रस!!

स्लाइडवाली
ताप सुरू व्हायच्या आधी बाबा काय करत होते? वावरात जातात का?

धुऱ्यावरचा
कास्तकार माणूस वावरात नाही जाईल तर कुठं जाईल? पोळा झाल्यावर धुऱ्यावरचं गवत कापत होते. आठ दिवस तेच.

स्लाइडवाली
बाबांचं पूर्ण अंग पाहा. काखा, जांघा, कानामागे, कंबर, पोटाच्या घड्या. विडीच्या चटक्यासारखी काळी खपली, भोवती लालसर. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस स्वतः सांगत नाही.

वऱ्हाडी ठेचा
स्क्रब टायफस म्हणता काय? २०१८ साली नागपूरकडं लय झाला होता.

स्लाइडवाली
संशय तोच. नाव सारखं, पण टायफॉईडपेक्षा वेगळा आजार. गवत-झुडपातल्या माइट या बारीक किड्याची अळी चावते, एरवी ती उंदरांवर जगते, डोळ्यालाही धड दिसत नाही. तिच्यातून अंगात जातो ओरिएन्शिया नावाचा जंतू. हा पेशीच्या आत राहतो, साध्या कल्चरच्या बाटलीत उगवतच नाही आणि सेफ्ट्रियाक्सोन त्याला लागत नाही. त्यामुळे भाऊ, कल्चर निगेटिव्ह आलं असतं आणि तुम्ही पुन्हा इथंच विचारत बसला असता. या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दाखवणारी आयजीएम एलायझा टेस्ट करायला सांगा. नववा दिवस आहे, आता बऱ्यापैकी दिसेल.

निवृत्त कंपाउंडर
वाइल-फेलिक्स करा, स्वस्त पडते. तिच्यातला ओएक्स-के हा आकडा वाढला की स्क्रब टायफस समजायचा.

स्लाइडवाली
काका, आता खरं बोललात. वाढलं तर उपयोग आहे. पण ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं समजू नका, बरेच पेशंट तिच्यातून निसटतात.

धुऱ्यावरचा
सापडली. करदोड्याच्या खाली, डाव्या बाजूला. आई म्हणते करदोडा घासून झालं असेल म्हणून तिनं हळद लावली होती.

स्लाइडवाली
फोटो इथं टाकू नका, डॉक्टरला दाखवा, आत्ताच. हळद पुसून. डॉक्सिसायक्लिन या औषधाबद्दल त्यांनाच विचारा, रिपोर्टची वाट बघत बसायची गरज नसते. बाबांना दम लागतोय का? बरळतात का?

धुऱ्यावरचा
रात्री थोडा दम लागला होता.

स्लाइडवाली
तर मग सकाळची एसटी नको. गाडी करा, आज रात्रीच. १०८ ला फोन लावा. सगळे जुने रिपोर्ट आणि इंजेक्शनच्या चिठ्ठ्या सोबत घ्या.

शिक्षक_दारव्हा
रात्री जाणारच असाल तर हत्तीपायाचेही रक्त देऊन टाका.

धुऱ्यावरचा
गाडी मिळाली. बैलं शेजाऱ्याकडं सोडून निघतो.